नाणं घेतलं कितीला आणि पडलं कितीला? संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्यांच्या छंदात नव्याने आलेली मंडळी मला जे विचारतात, ते फिरून फिरून पैशांवरच येतं. कुठून घेतलं तर परवडतं, कुठे लुबाडतात, टाकसाळीकडून घ्यावं की लिलावात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातले आकडे हिशोब कळावा म्हणून सोपे धरले आहेत, त्यांना आजचा भाव समजू नका.

"घेतलं कितीला" आणि "पडलं कितीला" यात एवढा काय फरक?

घेतलं कितीला, हा विक्रेत्याने सांगितलेला आकडा. पडलं कितीला, म्हणजे नाणं तुमच्या तळहातावर येईपर्यंत खिशातून गेलेले सगळे पैसे. त्यात टपाल आलं, लिलावाचं कमिशन आलं, जीएसटी आला, एसटीचं भाडं आलं. आणि मध्येच एखादं नाणं खोटं निघालं तर तो भुर्दंडही आला. भुर्दंड प्रत्येकाला बसतो, पण हिशोबात कुणी धरत नाही.

मी संग्रहाच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे तीन रकाने आखते: घेतलं, पडलं, आणि आज संध्याकाळी विकायला काढलं तर काय मिळेल. तिसरा रकाना भरताना मन खट्टू होतं. तरी तो भरायचाच, कारण खरेदीच्या दोन मार्गांतला खरा फरक तिथेच दिसतो.

सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला?

सुट्टे पैसे. चलनात आलेली स्मारक नाणी दर्शनी किमतीलाच मिळतात. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं, हे सगळं कधी ना कधी कुणाच्या तरी गल्ल्यात पडून असतं. चहावाला, रिक्षावाला, देवळाच्या दानपेटीची मोजदाद करणारे, बँकेतले रोखपाल यांच्याशी ओळख ठेवा. बँकेत नव्या नाण्यांच्या पिशव्या आल्या की शंभर रुपयांची सुटी नाणी मागून घ्या.

घरी आल्यावर सालाखाली बारीक खूण बघा. हिरा असेल तर मुंबई टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाचे चार टाकसाळींचे नग जमवायला चार रुपये पुरतात. माझ्या भाचीने सातवीत असताना असा आख्खा ट्रे भरला, त्याला तिचे दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे अदलाबदल. तुमच्याकडे जादा आहे ते मला, माझ्याकडचं जादा तुम्हाला. यात ना कमिशन, ना टपाल, आणि गप्पांतून जे शिकायला मिळतं ते कुठल्या बिलात दिसत नाही.

टाकसाळीकडून थेट घेतलं तर?

भारत सरकारच्या चारही टाकसाळी एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीकडे आहेत. स्मारक नाण्यांच्या संचांची नोंदणी तिच्या संकेतस्थळावरून करता येते. अस्सलपणाची शंभर टक्के खात्री, हा इथला सर्वांत मोठा फायदा. किंमत ठरलेली असते, घासाघीस नाही. पण आज पैसे भरले आणि उद्या नाणं आलं असं होत नाही. पैसे कित्येक महिने अडकून राहतात, हाही एक खर्चच.

संच दोन प्रकारचे असतात. प्रूफ म्हणजे आरशासारख्या पृष्ठभागावर उठावदार चित्र, खास ठशांनी पाडलेलं. अनसर्क्युलेटेड म्हणजे चलनात न गेलेलं, पण नेहमीच्या पद्धतीने पाडलेलं. प्रूफ महाग असतं.

इथे लोक एका गोष्टीत फसतात. २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेलं ७५ रुपयांचं नाणं घ्या. वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल आणि जस्त ५-५ टक्के. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली तर धातूचे १,७५० रुपये. बाकी जे तुम्ही देता ते घडणीचं, डबीचं आणि हौसेचं. हौस म्हणून घेत असाल तर जरूर घ्या. "सरकारी आहे, भाव वाढणारच" एवढ्यावर विसंबून मात्र घेऊ नका. स्मारक संच मूळ किमतीपेक्षा खाली विकले गेलेले मी प्रदर्शनात पाहिले आहेत. घेतलाच तर वेष्टन फोडू नका, फोडलेल्या संचाला निम्मं गिऱ्हाईकही मिळत नाही.

राणीछाप रुपया सराफाकडून घ्यावा की नाणेविक्रेत्याकडून?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी कमावता येतं आणि दोन्ही बाजूंनी फसताही येतं.

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. तेव्हाचा तोळा म्हणजे हाच रुपया, आजचा सराफी तोळा मात्र १० ग्रॅमचा. म्हणून सराफ "तोळ्याच्या भावाने देतो" म्हणाला, तर कुठला तोळा ते आधी विचारा. १०० रुपये ग्रॅमच्या हिशोबाने या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी आहे. १९४० ते १९४५ या सालांच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम, ५८३ रुपयांची. वजन तेच, आकार तोच. मात्र दोन्ही एका भावाने विकणारे आजही भेटतात.

सराफाकडे मोडीत आलेले रुपये धातूच्या भावाच्या आसपास मिळतात. त्यात घासलेले, कडी लावलेले, चिंचेने चकचकीत केलेले बरेच. नाणेविक्रेता त्यातलेच चांगले निवडून वर पैसे लावतो. ते वरचे पैसे त्याच्या डोळ्याचे, निवडीचे आणि खोटं निघालं तर परत घेण्याच्या शब्दाचे असतात. शब्द पाळणारा असेल तर मला ते महाग वाटत नाहीत.

तुम्हाला सालं ओळखता येत असतील, तर सराफाच्या मोडीच्या डब्यासारखी दुसरी जागा नाही. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया बघा: झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड निघाली, लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं. निघालेल्यातले बहुतेक परत घेऊन वितळवले. म्हणून चांदी तेवढीच असूनही त्याची किंमत इतर रुपयांपेक्षा वेगळी. १९३९ चा चांदीचा रुपया त्याहून दुर्मीळ आहे. तो कुणी स्वस्तात देऊ केला, तर भिंगातून शेवटचा आकडा बघा. १९३८ मधला ८ खरवडून ९ केलेले नग फिरत असतात.

आजीच्या माळेतले रुपये आहेत. त्यांना संग्राहकाची किंमत मिळेल का?

कडी डाखलेली असेल, भोक पाडलेलं असेल, तर सर्वसाधारण सालाला चांदीचाच भाव मिळतो. कडी काढून घासू नका, डाग राहतो तो राहतोच. आणि खरं सांगायचं तर आजीची माळ मोडून त्यातले रुपये विकावेत, असं मला वाटत नाही. माळ म्हणूनच ती ठेवा.

जुन्या बाजारात नाणी खरंच स्वस्त मिळतात?

मिळतात, पण डोळा तयार असेल तरच. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजार आहे, फोर्टात पदपथावर बसणारे आहेत. भाव करायला वाव असतो, बिल नसतं, आणि वस्तू परत घेणं नसतं.

माझी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाजारात चादरीवर मांडलेल्या ढिगातून १८६२ चा व्हिक्टोरिया रुपया उचलला. बाराशे सांगितले, नऊशेला दिला. बसमध्ये मी तो सारखा मुठीतून काढून बघत होते. घरी वजनकाट्यावर ठेवला तर ९.४ ग्रॅम. मग भिंग लावलं. राणीच्या गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे ओतीव काम. कडेवरच्या रेघांच्या मधून एक बारीक शिवण गोल फिरलेली, साच्याचे दोन भाग जोडल्याची. खऱ्या नाण्यावर ती असूच शकत नाही, कारण ते ओतत नाहीत, ठशाने पाडतात.

तो रुपया अजून माझ्याकडे आहे, वहीत 'घेतलं ९००, विकलं तर ०' असं लिहून. त्यानंतर मी खिशात मावणारा वजनकाटा, दहापट भिंग आणि लोहचुंबक घेतल्याशिवाय बाजारात गेले नाही. हे साहित्य काही शेकड्यांत येतं, म्हणजे एका खोट्या रुपयापेक्षाही कमी.

शिवराई किती देऊन घ्यावी?

शिवराई या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ती हातात घेतली की मराठी माणसाचं काय होतं हे मला ठाऊक आहे, माझंही तेच होतं. विक्रेत्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक शिवराई "महाराजांच्या काळातली" म्हणून पुढे येते. प्रत्यक्षात या नाण्यांवर महाराजांचं नाव त्यांच्यानंतरही पुढे कित्येक दशकं घातलं जात होतं, पेशवाईतसुद्धा. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवेकाळातली. ती मुबलक आहे आणि माफक किमतीत मिळायला हवी. 'शिव'चं 'सिव', वेलांट्यांचे फरक, अक्षरांची ठेवण यांवरून जाणकार काळ आणि प्रकार ठरवतात, आणि भाव त्यावर ठरतो.

तेव्हा पहिली शिवराई दुदांडीच घ्या, अक्षरं पूर्ण वाचता येतील अशी. दहा अर्धवट नाण्यांपेक्षा ती एक मोलाची. चांदीची शिवराई, सोन्याचा होन असं रस्त्यावर कुणी दाखवलं, तर हात जोडा आणि पुढे चला. शिवरायांचा होन अतिशय दुर्मीळ आहे, तो चादरीवर येत नाही.

लिलावात बोली कमी वाटते, मग नाणं महाग का पडतं?

कारण हातोडा पडतो तो अर्धाच हिशोब असतो. समजा ४,००० रुपयांवर हातोडा पडला. लिलावघराचा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं कमिशन, १५ टक्के धरा, म्हणजे ६००. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०८. विम्यासह टपाल १५०. नाणं पडलं ४,८५८ रुपयांना. बोलीच्या वर एकवीस टक्क्यांहून जास्त. नाण्याच्या किमतीवरचा कर वेगळा लागणार असेल तर तो आणखी वर. प्रत्येक लिलावघराच्या अटी सूचीच्या पहिल्या पानांत असतात, तिथे हे सगळं दिलेलं असतं. चित्रं बघायच्या आधी ती पानं वाचा.

म्हणून बोली उलटीकडून ठरवा. एकूण ५,००० च खर्चायचे असतील, तर टपालाचे १५० बाजूला काढा. उरलेल्या ४,८५० ला १.१७७ ने भागा (बोलीचा १, कमिशनचे ०.१५ आणि त्यावरच्या जीएसटीचे ०.०२७). उत्तर येतं ४,१२० च्या जरा वर, म्हणजे बोली ४,१०० ला थांबवा. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि लिलाव चालू असताना बदलू नका. समोरचा शंभराने वर गेला की आपणही शंभराने जातो, आणि पाच मिनिटांत हजार रुपये कुठे गेले कळत नाही.

एवढं असून लिलाव महागच, असं मी म्हणणार नाही. दुर्मीळ नाण्याला तिथे जाणकारांची नजर लागलेली असते, सूचीत वर्णन छापलेलं असतं, बिल मिळतं, पूर्वी कुठल्या लिलावात आलं होतं तेही पुष्कळदा कळतं. दहा-वीस हजारांच्या पुढचं नाणं मी लिलावातूनच घेईन. तीनशे रुपयांच्या नाण्यासाठी लिलाव हा मार्गच नाही.

व्हॉट्सॲपवरच्या बोलीत कमिशन नसतं. तेच बरं नाही का?

छोट्या नाण्यांना बरं. पण टपाल पकडा. ३०० रुपयांच्या नाण्याला १२० टपाल म्हणजे ४२० पडलं, चाळीस टक्के वर. तशी पाच नाणी एकत्र मागवली तर प्रत्येक ३२४ ला पडतं. म्हणून विक्रेत्याला सांगा, "महिनाभर बाजूला ठेवा, एकदमच पाठवा." बहुतेक जण ठेवतात.

पैसे आधी, नाणं नंतर, हा तिथला रिवाज. त्यामुळे पहिला व्यवहार लहान करा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, काट्यावर ठेवून वजनाचा फोटो मागा. खोटं निघालं तर परत घेणार का, हे गटात सर्वांसमोर विचारा. पाकिटावर 'नाणी' असं लिहू देऊ नका, आणि किमती नग असेल तर विमा उतरवल्याशिवाय पाठवू देऊ नका. काही कुरिअर नाणी आणि मौल्यवान वस्तूंची जबाबदारीच घेत नाहीत, हेही आधी विचारून घ्या.

प्रदर्शनाला जायचा खर्च वसूल होतो का?

एक नाणं घेतलंत तर नाही. जाणंयेणं आणि जेवण धरून ७०० रुपये झाले आणि ५०० चं एकच नाणं आणलं, तर ते १,२०० ला पडलं. तशी दहा आणली तर प्रत्येक ५७० ला. म्हणून वर्षभराची यादी करून जा. पुण्यात कॉइनेक्स भरतं, मुंबईतही नाणेसंग्राहकांचं वार्षिक प्रदर्शन असतं. एकाच छताखाली पाच विक्रेत्यांकडे तेच नाणं बघता येतं, भाव तिथेच कळतो. शेवटच्या दिवशी दुपारनंतर विक्रेते जरा सैल सोडतात, पण चांगला माल पहिल्या तासात गेलेला असतो. मी पहिल्या दिवशी जाते.

डबीबंद ग्रेडेड नाण्याला जादा पैसे द्यावेत का?

एनजीसी, पीसीजीएस अशा संस्था नाणं तपासून ७० पैकी गुण देतात आणि सीलबंद डबीत घालतात. महागड्या, वारंवार नक्कल होणाऱ्या नाण्याला हा खर्च सार्थकी लागतो. साध्या सालाच्या रुपयाला नाही, तिथे डबीचा खर्च नाण्याच्या बरोबरीने जातो. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून घ्या, कारण खोट्या डब्याही निघतात.

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं म्हणे?

नाही. ते २०१२ चं चलनातलं नाणं आहे. "तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे फोन येतात. आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. राम-सीता किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली 'नाणीही' कंपनीने कधी काढली नव्हती. ती देवाची पदकं आहेत. देवघरात ठेवा, पैसे देऊन संग्रहात घेऊ नका.

शेतात सापडलेली नाणी कुणी स्वस्तात देत असेल तर?

घेऊ नका. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एका मडक्यातली नाणी एकत्र राहिली तर अभ्यासकांना त्या गावाचा इतिहास कळतो. एकेक करून विकली की तो कायमचा जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी परदेशात राहते. भारतातून शिवराई घेऊन जाऊ शकते का?

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेतून नाही, टपालाने नाही. इथे विकत घेऊन आईच्या घरी ठेवू शकता. परदेशातल्या लिलावात आलेलं मराठ्यांचं किंवा गोव्याचं पोर्तुगीजकालीन नाणं तिथेच घेणं, हा तुमच्यासाठी सरळ मार्ग. ते पुढे भारतात आणायचं ठरवलंत तर सीमाशुल्क हिशोबात धरा.

विकताना किती तुटतं?

दुकानदाराला विकलं तर त्याला नफा ठेवायचाच असतो, म्हणून तुम्ही दिलेल्या किमतीहून बरंच कमी मिळेल. लिलावात दिलं तर विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, आणि पैसे हातात यायला वेळ लागतो. दुसऱ्या संग्राहकाला थेट दिलं तर तूट सर्वांत कमी, पण तो गाठायला ओळखी लागतात. बिल, जुन्या लिलावाची सूची, वजनाची नोंद हे कागद जपून ठेवलेत तर तिन्ही ठिकाणी भाव सुधारतो.

ठेवण्याचा खर्च किती?

थोडा, पण तो वाचवू नका. पीव्हीसीचे स्वस्त पाऊच काही वर्षांत चिकट होतात आणि तांब्याच्या नाण्यावर हिरवट थर धरतो. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. नाणं कडेने धरा. राख, लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर यातलं काही लावू नका, घासलेल्या नाण्याचा भाव तिथल्या तिथे पडतो. कोकणात आणि मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. आमच्याकडे त्या मे अखेरीस बदलतात आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा. दोन्ही वेळेला वही काढून तिसरा रकाना नव्याने भरला जातो.